आधी वरचा पाडा

बोरीचा माळ, ता. मोखाडा
माघ संपत आला, मंगळवार

सन्माननीय सोयरे सोमाजी यांस, भिका गिरणीवाल्याचा दोन्ही हात जोडून जोहार.

(तुम्हाला सगळा पाडा सोम्या म्हणतो हे मला माहीत आहे. पण ज्या घरात लेक दिली त्या घरच्या कर्त्या माणसाला कागदावर सोम्या लिहायचं बरं दिसत नाही, म्हणून आमच्या घरच्या मंडळींना, ठकीला, विचारून सोमाजी केलं आहे. परत आलात की पुन्हा सोम्या.)

तुमची आणि जावईबापू दिपेशरावांची तब्येत कशी आहे? नाशिकच्या बाजूला थंडी अजून कानाला चावते असं ऐकतो. द्राक्षाच्या बागेत औषध मारताना तोंडाला फडकं बांधत जा, तुमचा खोकला मुळातच हट्टी. (हे ठकी सांगते आहे, मी नुसता लिहितो आहे.) इकडे तुमच्या घरी विहीणबाई खुशाल आहेत, दोन्ही शेळ्या व्याल्या, तुमची सून, आमची प्रगती, खुशाल आहे, तिच्या अंगणवाडीतली पोरं खुशाल आहेत. माझा उजवा पाय तेवढा खुशाल नाही. त्याचं कारण इंटरनेट. ते पुढे येईल.

एवढं फोनवर का नाही सांगितलं, असं तुम्ही म्हणाल. पुष्कळदा केला फोन. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, 'हॅलो', मी म्हणालो, 'हॅलो', मग तुम्ही घाबऱ्या आवाजात 'कोण मेलं?' असं विचारलंत आणि फोन कटला. तर सोमाजी, कुणीही मेलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

आता मूळ गोष्ट. आपल्या ग्रामपंचायतीने असं ठरवलं की गावठाण, खालचा पाडा, उंबरपाडा आणि तुमचा वरचा पाडा, अशा सगळ्या मुलखाला काचेच्या तारेचं इंटरनेट द्यायचं. काचेची तार म्हणजे केसाएवढी बारीक काच, तिच्यातून उजेड पळतो आणि त्या उजेडाबरोबर आपलं बोलणं पळतं. (मला कळलं तेवढं लिहिलं. जास्त विचारू नका.) यासाठी एकाच कंपनीशी दहा वर्षांचा करार करायचा, खांब तिचे, तारा तिच्या, दुसऱ्या कुणाला दहा वर्षं शिरकाव नाही. म्हणजे लग्नच झालं. आणि लग्नाआधी मुलगा बघायला माणसं जातात तशी एक समिती नेमायची ठरली. बैठक चालू असताना मी चहात साखर कमी टाका असं सांगायला बाहेर गेलो. आत आलो तर टाळ्या वाजत होत्या. चांगलं काहीतरी झालं असेल म्हणून मीही वाजवल्या. मग कळलं की समितीचा अध्यक्ष मी झालो आहे. सरपंच रंजनाताईंनी (वयाने आपल्या दिपेशरावांएवढ्या, पण डोळे वटारले की ग्रामसेवक भाऊसाहेबसुद्धा हरवलेलं पेन शोधू लागतात) कारण असं दिलं की गिरणी विजेवर चालते, वीज तारेतून येते, तेव्हा तारेतलं भिकाकाकांना कळतं.

दोन ठिकाणांहून कागद आले होते. एक ठाण्याच्या मोठ्या कंपनीचा. गुळगुळीत रंगीत पानं, मुखपृष्ठावर शेताच्या बांधावर लॅपटॉप घेऊन बसलेली बाई, साडीला चिखलाचा ठिपका नाही. दुसरा मोखाड्याच्या कमलेशचा. तोच तो, घरोघर टीव्हीच्या छत्र्या बसवतो तो. त्याचा कागद पिवळा, त्यावर चहाच्या कपाचा गोल. दोन्ही इंग्रजीत. मी गिरणीत चष्मा लावून दोन दिवस नुसता बसलो, तेव्हा ठकीने दोन्ही गठ्ठे उचलून तांदळाच्या काट्यावर टाकले आणि म्हणाली, 'मोठ्या कंपनीचं वजन जास्त भरतंय. झाला तुमचा विचार? आता दळण घ्या.' (तुमच्या विहीणबाईंचा हा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच. तुमच्या घरातही तसलाच एक आहे.)

मग मी माझ्या पद्धतीने चौकशी केली. जो दळणाला येईल त्याला विचारायचं, तुला इंटरनेट कशाला पाहिजे? गिरणीत माणूस खोटं बोलत नाही. पट्टा फिरत असताना ओरडून बोलावं लागतं आणि ओरडून खोटं बोलायला फार दम लागतो. गंगी म्हणाली, पोरगा भिवंडीच्या गोदामात आहे, तो वाळलाय का ते बघायचंय. आवाजावरून कळत नाही, आवाज त्याचा लहानपणापासून जाडच आहे. काळ्या म्हणाला, मोगरा तोडून दादरला पाठवतो, फुलं गाडीत चढतात आणि भाव मागून कळतो, एखाद्या दिवशी आधी भाव कळावा एवढीच इच्छा. तुकाला कबड्डी बघायची आहे. आणि उंबरपाड्याची म्हातारी चैती म्हणाली, 'त्यातून पानी येल का?' मी हसलो. हसायला नको होतं.

कारण पुढच्याच आठवड्यात मोठ्या कंपनीची गाडी आली आणि तिने पंचायतीसमोर नारिंगी नळीचं एक भलंमोठं वेटोळं उतरवलं. तार या नळीच्या आत असते म्हणे, लोकांनी बघावी म्हणून आणली होती. आता आपल्याकडे अशी नळी याआधी आली होती ती पाण्याच्या योजनेची. नळ्या आल्या, नळाचे ओटे आले, पाणी वाटेत आहे. तेव्हा दुपारपर्यंत तिन्ही पाड्यांच्या बाया हंडे-कळश्या घेऊन पंचायतीसमोर ओळीने उभ्या राहिल्या. कंपनीचा इंजिनियरसाहेब गाडीतून उतरला, त्याने ती ओळ बघितली आणि त्याला वाटलं आपल्या भागात पाहुण्याचं स्वागत असंच करतात. तो हात जोडून एकेका बाईसमोर वाकत पुढे सरकू लागला. गंगीने गोंधळून हातातली कळशी पुढे केली, ती त्याने दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि गाडीत ठेवून दिली. (कळशी अजून ठाण्यात आहे. गंगी मला रोज विचारते, जणू मीच नेली.) शेवटी रंजनाताईंनी सगळ्यांना समजावलं की बायांनो, हे पाणी नाही, यातून उजेड येणार आहे. तेव्हा चैती काठी टेकत पुढे आली.

'बाबा, एवढ्याशा नळीतून उजेड येतो म्हनतोस, मंग पानी का नाय येत?'

साहेबाने टोपी काढली आणि नुसतं डोकं खाजवलं. दुसरा एखादा असता तर त्याने उत्तर दिलं असतं. मला तो माणूस तिथेच आवडला.

मग त्याने पंचायतीत लॅपटॉपवर नकाशा उघडला. गावठाण होतं, खालचा पाडा होता, उंबरपाडा अर्धा होता. वरचा पाडा कुठे दिसेना. तिथे सगळं हिरवं. मी विचारलं तर म्हणाला, काका, हे जंगल आहे. मी म्हणालो, साहेब, या जंगलात माझी लेक नांदते. रंजनाताई लगेच उठल्या आणि म्हणाल्या, चला, बघूनच येऊ.

गाडी ओढ्यापर्यंत गेली. पुढचा चढ तुम्हाला सांगायला नको. अध्यक्षाने पुढे चालावं म्हणून मी पुढे निघालो आणि पहिल्या वळणालाच अध्यक्ष मागे पडले. साहेबाचे बूट वाळल्या गवतावरून असे सटकत होते की तो दोन पावलं वर आणि एक पाऊल खाली अशा हिशेबाने चढत होता. वर पोचल्यावर रंजनाताईंनी त्याला थेट पाड्यामागच्या खडकावर नेलं. तुम्ही त्या खडकावर आयुष्य काढलंत, पण त्याला सगळं सांगावं लागलं. म्हणजे असं की सगळ्या पाड्यात फोन लागतो तो याच खडकावर, तोही डाव्या टोकाला त्र्यंबककडे तोंड करून उभं राहिलं तर. एका वेळी एकानेच उभं राहायचं, बाकीच्यांनी खाली पाठ फिरवून बसायचं, म्हणजे बोलणाऱ्याला लाज वाटत नाही. साहेब म्हणाला, पाठ फिरवून का? ऐकू तर येतंच ना? रंजनाताई म्हणाल्या, ऐकू येतं, पण बघत तर नाही ना कुणी.

त्या वेळी खडकावर आपली प्रगती होती. पोरांची वजनं आणि हजेरी रोज मोबाइलवरून पाठवावी लागते, ती पाठवत होती. एका हातात फोन, हात उंच केलेला, आणि दुसरा हात कोपरात जरा वाकडाच. मी खाली बसलेल्या बाईला सहज विचारलं, हिचा हात असा का? तर ती म्हणाली, श्रावणात इथेच घसरली की. सोमाजी, मला प्रगतीने सांगितलं होतं की विहिरीवर पाय सरकला, जरासं खरचटलं. विहीणबाईंनीही तेच सांगितलं होतं. दोघींनी मिळून ठरवलं असेल. प्रगती खाली उतरली, माझ्याकडे बघितलं, मी कुठे बघतोय ते तिला कळलं आणि तिने पदर कोपरावरून ओढून घेतला.

मग मात्र मला राहवेना. मी म्हणालो, साहेब, मी दाखवतो नेटवर्क कुठे येतं, आणि चढलो. डावा पाय इथे, उजवा तिथे, तोंड त्र्यंबककडे, फोन वर. आणि काय सांगू, फोन वाजला! मी एवढा दचकलो की विचारू नका. घेतला, तर एक गोड आवाजाची बाई मला क्रेडिट कार्ड हवं का असं हिंदीत विचारत होती. तिला नाही म्हणेपर्यंत उजवा पाय खडकाच्या फटीत गेला, मी एका बाजूला गेलो आणि गुडघा मधल्या मधे राहिला. लोकांनी ओढून काढलं तेव्हा गुडघा नारळाएवढा झाला होता.

प्रगतीने वर जाऊन अँब्युलन्सला फोन लावला. लागला. पलीकडून विचारलं, तालुका? ती म्हणाली, मोखाडा. गाव? आणि गेलं नेटवर्क. पुन्हा लावला, दुसरंच कुणी बोललं, तालुका? मोखाडा. गाव? गेलं. साहेबाकडे दोन फोन होते, दोन वेगळ्या कंपन्यांचे. तो दोन्ही हातात दोन फोन धरून त्या खडकावर कितीतरी वेळ उभा होता, मधेमधे इंग्रजीत स्वतःशीच काहीतरी बोलत. (ते शब्द कागदात नव्हते.) शेवटी उतरला. तोवर तुमच्या चुलत भावाने, लाडक्याने, बांबू आणि चादर आणून डोली बांधली होती.

सोमाजी, मी उभ्या जन्मात कुणाकुणाची डोली उचलली आहे, पण आत कधी बसलो नव्हतो. आत बसलं की फक्त आभाळ दिसतं आणि पुढच्या माणसाची पाठ. मी आतून अधूनमधून 'सावकाश' म्हणत होतो, तेवढंच काय ते अध्यक्षपद उरलं होतं. अर्ध्या वाटेत खांदा बदलायची वेळ आली तेव्हा साहेबाने न विचारता पुढचं टोक घेतलं. त्याला सवय नव्हती, बांबू मानेत रुतत होता, शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. थोडं गेल्यावर त्याने विचारलं, यातून असं कोण कोण जातं? प्रगती डोलीच्या बाजूने चालत होती. ती म्हणाली, गेल्या पावसाळ्यात लाडक्याकाकाची बायको. गाडी बोलवायला तो खडकावर गेला, फोन लागेना, म्हणून डोलीतून नेली. ओढ्यापर्यंत पोचलोच नाही. खाली त्या मोहाखाली बाळंत झाली.

साहेब म्हणाला, मग?

'मुलगी आहे. बरी आहे. मी वजनं पाठवते ना रोज, त्यात तिचंही असतं.'

मागचं टोक लाडक्याच्या खांद्यावर होतं. साहेबाने बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला. मी 'सावकाश' म्हणायचं सोडून दिलं.

दवाखान्यात समजलं की हाड शाबूत आहे, आतली शीर दुखावली आहे. पट्टी बांधून होईपर्यंत साहेब बाहेर बाकावर बसून होता. मी बाहेर आलो तेव्हा म्हणाला, काका, तुमचा पाडा मी नकाशात टाकतो, तेवढं माझ्या हातात आहे. पण आमची कंपनी वर येणार नाही. मोजक्या घरांसाठी ती खांब टाकत नाही. करारात 'पुढचा टप्पा' असं लिहिलं असेल, ते नीट वाचा. आणि मी हे बोललो असं कुणाला सांगू नका. (त्याला शब्द दिला म्हणून मी हे फक्त तुम्हाला, गंगीला आणि दळणाला येणाऱ्या लोकांना सांगितलं आहे.)

'पुढचा टप्पा' म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तुमच्या पाड्याचा रस्ता पुढच्या टप्प्यातच आहे. माझ्या लग्नाच्या वेळीही तो पुढच्याच टप्प्यात होता.

तेव्हा मी खाटेवर पडल्या पडल्या कमलेशला बोलावून घेतलं. आता तो काही हिरा नाही, हे मी आधीच सांगतो. मी विचारलं, कमलेश, आभाळ भरून आलं की तुझा टीव्ही जातो. म्हणाला, जातो, मामा. तुझं इंटरनेट मोठ्या कंपनीच्या निम्मं तरी पळेल का? म्हणाला, निम्मं नाही पळणार, मामा. मग मी प्रगतीला त्याचा पिवळा कागद वाचायला लावला, तर त्यात सोसायटीच्या लिफ्टमधून केबल टाकू नये असं एक कलम निघालं. कमलेश लाजला. कुठल्याशा शहराचा करार त्याने तसाच्या तसा उतरवून घेतला होता. (आपल्याकडे लिफ्ट नाही, पण पुढेमागे झाली तर करार तयार आहे.) पण एक गोष्ट त्याने न विचारता सांगितली. खांब तो आणणार, खड्डे आपण खणायचे, आणि तार प्रत्येक पाड्यात जाणार, वरच्यासुद्धा. बिघाड झाला तर दोन दिवसांत माणूस येणार. मी म्हणालो, आणि नाही आला तर? तो म्हणाला, 'तर बाजाराच्या दिवशी मोखाड्यात माझी गचांडी धरा, मामा. मी जानार कुठं?' आता बघा, ठाण्याच्या कंपनीची गचांडी धरायची म्हटली तर आधी ती कुठे असते ते शोधावं लागेल.

ग्रामसभा समाजमंदिरात झाली. मी एका खुर्चीवर आणि माझा पाय दुसऱ्या खुर्चीवर. गावठाणाची आणि तिन्ही पाड्यांची माणसं आली होती. मी दोन्ही बाजू मांडल्या. काळ्या उठला आणि म्हणाला, मोगऱ्याचा भाव पहाटे मिनिटामिनिटाला बदलतो, आम्हाला पळणारं इंटरनेट समोर दिसत असताना आम्ही कासव का घ्यायचं? मोठ्या कंपनीला येऊ दे, वरच्या पाड्याचं पुढे बघू. सोमाजी, खरं सांगतो, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मोगऱ्याने त्याच्या घरची माणसं वीटभट्टीवर जायची थांबली आहेत. बरीच डोकी हलली. आणि मग तुका मागून म्हणाला, 'भिकाची लेक वर दिलीय, म्हनून भिका कमलेशच्या बाजूनं.'

मी रागाने उठायला गेलो, तर पाय दुसऱ्या खुर्चीच्या हातात अडकला आणि खुर्ची माझ्याबरोबर उठली. कुणी हसलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी म्हणालो, 'हो. माझी लेक वर आहे.' पुढे मोठं भाषण तयार होतं, कालपासून घोकलं होतं, त्यातला एकही शब्द आठवेना. मी खुर्चीसकट खाली बसलो.

तेव्हा बायांच्या घोळक्यातून प्रगती उठली. तुम्ही तिला कधी मोठ्याने बोलताना ऐकलं आहे का? मी नाही ऐकलं. म्हणाली, 'माझ्यासाठी कुनी हात वर करू नका. मी उद्यापन खडकावर जाईन, सवय आहे मला. पन डोली उचलायला खालच्या पाड्यातल्या मानसांना हाक मारतो, तवा ती अर्ध्या ताटावरून उठून येतात. काळ्यादादा, तुमीसुद्धा आलाय. तवा कुनी बोललं नाय, की पुढच्या टप्प्यात येतो.'

एवढंच बोलली आणि बसली. काळ्या खाली बघत होता. मी छपराकडे बघत होतो, तिथे कोळ्याचं जाळं आहे, ते काढायला हवं.

मग रंजनाताईंनी तोड काढली. करार कमलेशशी, पण दहा नाही, तीन वर्षांचा. काम आवडलं तर पुढे, नाही तर रामराम. मोगऱ्यावाल्यांसाठी पंचायतीत एक जोरदार लाइन कमलेशने वेगळी द्यायची. (कमलेशने मान हलवली, पण घाम पुसला.) आणि मुख्य म्हणजे काम वरून खाली करायचं. पहिली जोडणी वरच्या पाड्याच्या अंगणवाडीत. ती चालू झाल्याशिवाय गावठाणात एकही तार आत येणार नाही. भाऊसाहेबांनी हे लिहून घेतलं. हात वर झाले. तुकाचासुद्धा झाला, जरा उशिराने.

याचा परिणाम काय झाला असेल ते सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन वरच्या पाड्याला सगळ्यात आधी कोण गेला? काळ्या! वरचं झाल्याशिवाय त्याचं होत नाही ना. गावठाणातली जी माणसं कधी तुमच्या पाड्याकडे फिरकत नव्हती ती आता रोज तिथे घाम गाळत आहेत आणि विहीणबाईंच्या हातची नागलीची भाकरी खात आहेत. तुका तर म्हणतो, एवढी चांगली भाकरी वर मिळते हे आधी कुणी का सांगितलं नाही.

असो. पत्र फार लांबलं. गुडघा आता बरा आहे, पण जिना दिसला की बिचकतो. (जिना गावात एकाच घराला आहे, तिकडे मी जात नाही.) जावईबापूंना सांगा, प्रगतीची काळजी करू नका. बागेच्या मालकांना आमचा नमस्कार. औषधाच्या वेळी फडकं बांधा.

तुमचा, सध्या डाव्या पायावर उभा असलेला,
भिका

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. ओढ्यापासून वर तार न्यायची तर एका बाजूला वनखात्याचं जंगल आहे, तिथे खड्डा खणायला किती परवाने लागतील ते देव जाणे. दुसऱ्या बाजूला आधी लाडक्याची उतारावरची वरकस जमीन लागते आणि मग तुमची. लाडक्याने सही दिली. तुमच्या वरकसात चारच खांब येतात, अगदी कडेला. त्या बांधाच्या भांडणानंतर 'माझ्या जमिनीतून मुंगीसुद्धा विचारून जाईल' असं तुम्ही भर बाजारात म्हणाला होतात, म्हणून विचारतो आहे. सोबत कागद आहे. जिथे फुली केली आहे तिथे सही करा आणि उलट टपाली पाठवा.

ता. क. दुसरा. राग आला तर एवढं लक्षात ठेवा, की वरचा ताजा कलम मी समितीचा अध्यक्ष म्हणून लिहिला आहे. सोयरा म्हणून मी पूर्णपणे तुमच्याच बाजूचा आहे. चार खांब म्हणजे फारच झाले.

ता. क. तिसरा. (हे अक्षर ठकीचं आहे, वाईट आहे, बचत गटात शिकले तेवढंच.) सोमाभाऊ, जोहार. हे पत्र मला यांच्या गिरणीतल्या सदऱ्याच्या खिशात सापडलं. टाकलंच नव्हतं. रोज म्हणायचे टाकलं, सोयऱ्यांचं उत्तर यायचंय. तुम्हाला घाबरतात, पण सांगत नाहीत. तुमच्या सहीची वाट बघायला कुणाला वेळ नव्हता. सातबाऱ्यावर विहीणबाईंचं नाव आहे, त्यांनी सही करून दिली. चारही खांब उभे आहेत. खड्डे खोल झालेत, कारण विहीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. शिमग्याला आलात की दिसतीलच, म्हणून आधी कळवते. ओरडायचं असेल तर त्यांच्यावर ओरडून बघा.

अंगणवाडीतली जोडणी चालू झाली आणि तिथून एक तार तुमच्या घरात ओढली. आपल्याकडे खाली अजून तार आलेली नाही, म्हणून काल संध्याकाळी मी मुद्दाम मोखाड्याला कमलेशच्या दुकानात गेले होते, तिथे प्रगतीचा फोन आला. चुलीजवळ बसून बोलत होती. मधेच म्हणाली, 'आये, थांब, भाकर करपतीय,' आणि फोन तसाच ठेवून गेली. मला तव्याचा आवाज आला, विहीणबाईंचा आला, शेळीचा आला. मग ती परत आली आणि म्हणाली, 'हां, बोल.'